स्वतःच्या घरात सिगारेट ओढण्यावर बंधन असावं का? नीट समजून घेऊ

हा विषय आता जवळपास प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा तरी पेटतोच. कोणीतरी लिहितं की खालच्या मजल्यावरून रोज रात्री सिगारेटचा धूर आमच्या बेडरूममध्ये येतो, घरात लहान बाळ आहे, प्लीज लक्ष द्या. लगेच दुसरं कोणीतरी लिहितं की माझ्या घरात मी काय करायचं हे मला ग्रुपवर शिकवू नका. सेक्रेटरी म्हणतात एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, विषय घेऊ आणि एजीएमचा सगळा वेळ पार्किंग आणि पाणीगळती यात जातो. प्रश्न तसाच राहतो, कारण खरं तर कोणालाच माहीत नसतं की कायदा काय म्हणतो, धूर भिंतीतून खरंच येतो का, आणि येत असला तर कोणी काय करू शकतं.

माझ्या आईला दमा आहे त्यामुळे मी या बाबतीत तटस्थ नाही, ते आधीच सांगते. पण पोलिसांनी लोकांच्या हॉलमध्ये शिरावं असं मला अजिबात वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जो धूर ओढणाऱ्याच्या घरातच राहतो आणि जो दुसऱ्याच्या घरात किंवा लहान मुलाच्या छातीत जातो, त्या दोन्हींना एकच नियम लावता येत नाही. हे का, ते पायरी पायरीने बघू.

आज आपल्याकडे कायदा काय आहे

आपल्याकडे तंबाखूचा मुख्य कायदा २००३ चा, त्याला सगळे कोटपा म्हणतात. त्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करायला बंदी आहे आणि दंड जास्तीत जास्त २०० रुपये. २ ऑक्टोबर २००८ पासून नवीन नियम आले आणि ऑफिस, मॉल, थिएटर, हॉटेल, बस स्टॉप, रेल्वे स्टेशन सगळं त्यात स्पष्टपणे आलं. मोठ्या हॉटेलांना, रेस्टॉरंटना आणि विमानतळांना वेगळी स्मोकिंगची जागा ठेवायची मुभा आहे.

याची सुरुवात एका मुंबईकराने केलेल्या याचिकेतून झाली हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. काँग्रेसचे नेते मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले होते, आणि २ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, लायब्ररी, कोर्ट, सरकारी ऑफिस, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपान बंद करायचा आदेश दिला. कोर्टाचा मुद्दा साधा होता की जो माणूस सिगारेट ओढतच नाही त्याला फक्त सार्वजनिक ठिकाणी जावं लागतं म्हणून आजार होत असतील, तर त्याचा जगण्याचा हक्कच हिरावला जातोय. त्याच्याही आधी, १९९९ मध्ये, केरळ हायकोर्टाने असाच निकाल दिला होता.

आता घराचं काय? कोटपामध्ये सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे लोकांना जाता येतं अशी जागा. तुमचा फ्लॅट त्यात बसत नाही. म्हणजे स्वतःच्या घरात सिगारेट ओढणं हा आज भारतात गुन्हा नाही, यात काही शंका नको. ग्रुपवर जे लोक "पोलीस कंप्लेंट करेन" असं लिहितात त्यांनी हे वाचावं. लिफ्ट, जिना, लॉबी यांचा विषय वेगळा, तिथे सगळ्यांचा वावर असतो, त्यामुळे तिथे ओढणाऱ्याची बाजू फारच कमकुवत आहे.

म्हणजे २००१ ला कोर्टाने जे तत्त्व सांगितलं ते दारापर्यंत येऊन थांबलं. धूर मात्र दारापाशी थांबत नाही, आणि सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

धूर म्हणजे नक्की काय असतं

सिगारेट जळते तेव्हा दोन प्रकारचा धूर निघतो. एक ओढणारा आत घेतो आणि बाहेर सोडतो तो, आणि दुसरा झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकातून आपोआप निघत राहतो तो. आजूबाजूच्या लोकांच्या नाकात जातो त्यातला बहुतेक हा दुसरा प्रकार असतो, आणि तो कमी तापमानाला अर्धवट जळून तयार होतो म्हणून वजनाच्या मानाने जास्त विषारी असतो, शिवाय फिल्टरमधून गेलेला नसतो. या सगळ्या मिश्रणाला मी पुढे "परका धूर" म्हणणार आहे. त्यात ७००० पेक्षा जास्त रसायनं असतात आणि त्यातली ७० च्या आसपास कॅन्सर करणारी आहेत.

परक्या धुराने माणसं खरंच आजारी पडतात का, हे आधी कोणाला पटत नव्हतं. जपानमध्ये ताकेशी हिरायामा नावाच्या संशोधकांनी स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० बायकांची १४ वर्षं नोंद ठेवली आणि १९८१ मध्ये दाखवून दिलं की ज्यांचे नवरे जास्त सिगारेट ओढतात त्या बायकांना फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त आहे. यातली लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे हा अभ्यास ऑफिसचा किंवा बारचा नव्हता. परक्या धुराविरुद्धचा पहिला मोठा पुरावाच घरातून आलेला आहे, आणि कायदे मात्र बहुतेक सगळीकडे घर सोडून बाकी ठिकाणी झाले.

नंतर २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांनी, सगळे अभ्यास एकत्र करून अहवाल काढला. घरी किंवा कामावर परका धूर घेणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्के आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा २० ते ३० टक्के जास्त, आणि इतका धूर चालेल अशी सुरक्षित पातळी कुठलीच नाही. लहान मुलांमध्ये कानाचं इन्फेक्शन, दम्याचे अटॅक, ब्रॉंकायटिस, न्यूमोनिया, आणि तान्ह्या बाळांचा झोपेत अचानक मृत्यू, हे सगळं त्यात आहे.

आकडा नुसता ऐकून अंदाज येत नाही म्हणून एक गणित करू. हवेतले अगदी बारीक कण मोजतात त्याला पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, जे नाकात न अडकता थेट फुफ्फुसात खोल जातात. एका सिगारेटमधून असे कण साधारण १० मिलिग्रॅम निघतात. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या, त्यात हवा साधारण २८ घनमीटर. भागाकार केला तर एका घनमीटरला ३५० मायक्रोग्रॅमच्या आसपास येतं. आपल्या देशाची बाहेरच्या हवेची मर्यादा दिवसभराच्या सरासरीला ६० आहे आणि डब्ल्यूएचओची १५. आता हे खरं की खिडकी उघडी असेल, पंखा चालू असेल तर ते तास-दोन तासात खाली येतं, दिवसभर ३५० राहत नाही. पण एका दिवसात एकच सिगारेट कोण ओढतं? आणि दिल्लीची हवा बिघडली की आपण बातम्या बघून हळहळतो, तशीच हवा घरात एका माणसाने पाच मिनिटांत तयार केलेली असते.

भिंत असताना धूर येतो कुठून

इथे बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही. "माझं दार बंद आहे, खिडकी बंद आहे, तुझ्याकडे धूर येईलच कसा, तुला भास होतोय." माझ्या आईला हे वाक्य तोंडावर ऐकायला मिळालेलं आहे.

मुंबई-पुण्याच्या कुठल्याही बिल्डिंगचा डक्ट आठवा. सगळ्या मजल्यांच्या बाथरूम-टॉयलेटच्या खिडक्या त्या एका उभ्या पोकळीत उघडतात, ड्रेनेजचे पाइप तिथूनच जातात. गरम हवा वर जाते, त्यामुळे तो डक्ट एखाद्या धुराड्यासारखा काम करतो. दुसऱ्या मजल्यावर कोणी टॉयलेटमध्ये बसून सिगारेट ओढली की धूर वर चढतो, आणि चौथ्या-पाचव्या मजल्यावर कोणी किचनचा एक्झॉस्ट लावला की त्या घरातली हवा बाहेर फेकली जाते आणि तिची जागा भरायला बाथरूमच्या खिडकीतून डक्टमधली हवा आत ओढली जाते. म्हणजे आपणच आपल्या एक्झॉस्टने शेजाऱ्याचा धूर घरात बोलावतो. याशिवाय दाराखालची फट, इलेक्ट्रिकच्या वायरिंगचे पाइप, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं आणि नीट न बुजवलेलं भोक, फॉल्स सीलिंगच्या वरची जागा, सगळीकडून हवा इकडून तिकडे जात असते.

हे मोजूनही झालंय. शरीरात निकोटीन गेलं की त्याचं कोटिनिन होतं, ते रक्तात किंवा लाळेत सापडतं, त्यामुळे कोणाच्या अंगात किती परका धूर गेला ते कळतं. अमेरिकेत २०११ मध्ये लहान मुलांच्या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला. ज्या मुलांच्या घरात कोणीच सिगारेट ओढत नव्हतं फक्त अशीच मुलं घेतली, आणि त्यातही अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मुलांच्या रक्तात स्वतंत्र बंगल्यातल्या मुलांपेक्षा कोटिनिन सुमारे ४५ टक्के जास्त निघालं. घरात कोणी ओढत नाही तरी निकोटीन आहे. ते शेजाऱ्याचंच असणार ना.

मी तर म्हणेन बिल्डिंगमधली हवा म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी आहे. नळ प्रत्येकाच्या घरात वेगळा, पण टाकी एकच, आणि माझ्या घरातल्या पाइपमधून मी टाकीत काहीही सोडेन असं कोणी म्हटलं तर आपण ऐकून घेणार नाही.

"मग मी गॅलरीत ओढतो, चालेल?"

हा प्रश्न विचारणारे बहुतेक लोक चांगल्या मनाने विचारतात, घरच्यांना त्रास नको म्हणूनच ते गॅलरीत येतात. अडचण अशी की गॅलरीतून धूर सरळ वरच्या घराच्या गॅलरीत आणि तिथून त्यांच्या बेडरूममध्ये जातो. थोटकं खाली वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात तो वेगळाच ताप.

जगात यावर कोर्टकचेऱ्या झाल्यात. जपानच्या नागोयाच्या कोर्टाने २०१२ मध्ये गॅलरीत सिगारेट ओढत राहणाऱ्या एका रहिवाशाला वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला ५० हजार येन भरपाई द्यायला लावली, कारण तिने वारंवार सांगूनही त्याने ऐकलं नव्हतं. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा जानेवारी २०१५ चा निकाल मला सगळ्यात समजूतदार वाटतो. त्यांनी सरसकट बंदी घातली नाही. ओढणाऱ्याला आपल्या बाल्कनीचा वापर करायचा हक्क आहे आणि शेजाऱ्याला आपल्या बाल्कनीत धुराशिवाय बसायचा हक्क आहे, तेव्हा दोघांनी वेळा ठरवून घ्या, ठराविक तास धूर नको आणि ठराविक तास ओढायची मोकळीक. आणि तब्येतीला खरा धोका आहे हे दाखवता आलं तर शेजाऱ्याचं पारडं जड.

सिंगापूरमध्ये तर २०२० मध्ये संसदेतच चर्चा झाली की खिडकीत आणि बाल्कनीत ओढायला बंदी घालावी का. तिथे रस्त्यावर कचरा टाकला तरी दंड होतो, पण याबाबतीत सरकार कचरलं, मुद्दा तोच, लोकांच्या घरात डोकावायचं कसं.

एक्झॉस्ट, एअर प्युरिफायर, रूम फ्रेशनर याबद्दल थोडक्यात. फ्रेशनरने फक्त वास झाकला जातो. प्युरिफायरचा फिल्टर कण बऱ्यापैकी पकडतो पण वायू पकडत नाही. आणि एक्झॉस्ट म्हणजे आपल्याकडचा धूर दुसऱ्याकडे, वर सांगितलंच.

"माझं घर, माझी मर्जी" याला काही अर्थ आहे का

आहे, आणि त्याला हलक्यात घेऊ नये. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. घराच्या चार भिंतींच्या आत सरकारने नाक खुपसू नये हे तत्त्व आपल्या सगळ्यांच्याच फायद्याचं आहे. तंबाखू विकणं कायदेशीर आहे, सरकार त्यावर टॅक्स घेतं, मग विकत घेतलेली वस्तू माणसाने वापरायची कुठे? बाहेर बंदी, ऑफिसात बंदी, घरातही बंदी केली तर ती प्रत्यक्षात पूर्ण बंदीच झाली, ती पण मागच्या दाराने. हा आक्षेप मला खरा वाटतो.

पण याच तर्काने पुढे गेलं की दिसतं, हा हक्क माझ्या घरापुरता आहे. रात्री दोन वाजता माझ्या घरात मी डीजे लावला तर स्पीकर माझा, वीज माझी, घर माझं, तरी शेजारी तक्रार करू शकतात आणि त्यात कोणाला खाजगीपणावर हल्ला वाटत नाही, कारण आवाज बाहेर जातो. त्यामुळे स्वतंत्र घर असेल, आत सगळी मोठी माणसं असतील आणि त्यांचं आपापसात जमत असेल तर तिथे कोणीही काही बोलू नये असं मी म्हणते. भिंतीला भिंत लागली की गोष्ट बदलते.

आणि अजून एक माणूस आपण या चर्चेत नेहमी विसरतो, घरकामाला येणारी ताई. साहेब हॉलमध्ये सिगारेट ओढत पेपर वाचतायत आणि ती तिथेच लादी पुसतेय. तिच्यासाठी तो हॉल म्हणजे ऑफिसच आहे. तुमच्या ऑफिसात तुमच्या टेबलाशेजारी कोणी सिगारेट पेटवली तर कायदा तुमच्या बाजूने आहे, तिच्या बाजूने कोणी नाही.

"आज सिगारेट, उद्या मासे"

आपल्याकडे हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात खरा आक्षेप आहे, आणि बाहेरच्या देशांतल्या लेखांमध्ये तो सापडणार नाही. मुंबईत मांस-मच्छी खाणाऱ्यांना घर नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. बोंबील तळले की वास येतो म्हणून बोलणी खाल्लेली कितीतरी घरं आहेत. अशा लोकांच्या हातात "घरात काय करायचं ते सोसायटी ठरवणार" हे हत्यार द्यायचं का? आणि भाड्याने राहणाऱ्या मुलींना तर घर बघतानाच विचारतात, ड्रिंक करत नाही ना, स्मोक करत नाही ना, मित्र येत नाहीत ना, सगळं एकाच यादीत, म्हणजे प्रश्न धुराचा नसतोच, कॅरेक्टरचा असतो. तोच मालक मुलांच्या फ्लॅटवर जाऊन थोटकं बघून काही बोलत नाही.

म्हणून नियम कशासाठी आहे हे आधीच घट्ट बांधून घ्यावं लागतं. माशाचा वास कोणाला आवडत नसेल, पण शेजारच्या घरातून आलेल्या वासाने कॅन्सर होत नाही, दहा मिनिटात तो जातो आणि विषय संपतो. परक्या धुराचं नुकसान चाळीस वर्षांहून जास्त काळ मोजलं गेलंय. आवडनिवड आणि इजा यात फरक करायचा. ज्याची इजा मोजून दाखवता येते त्यावर बंधन, ज्याचा फक्त राग येतो त्यावर नाही. आणि नियम धुराबद्दलच असावा, माणसाबद्दल नाही. "स्मोकर्सना फ्लॅट देणार नाही" हा चुकीचा नियम. "धूर दुसऱ्याच्या घरात जाता कामा नये" हा बरोबर. एक सत्तर वर्षांचे आजोबा आयुष्यभर विडी ओढतायत त्यांनी ती गेटबाहेर जाऊन ओढावी म्हणणं आणि त्यांना बिल्डिंगमधून काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

"धूप, कॉइल, चूल यांचाही धूर असतोच की"

असतो, आणि हे म्हणणाऱ्याला गप्प करू नये. २००३ च्या एका अभ्यासात काही डास-कॉइल तपासल्या, तर एका कॉइलमधून निघणारे बारीक कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. बंद खोलीत बाळाच्या पाळण्याखाली कॉइल लावून शेजाऱ्याच्या सिगारेटवर भांडणं चुकीचंच आहे. अगरबत्ती, धूप यांचंही मोजमाप काही फार चांगलं नाही. गावाकडे चुलीचा धूर आहे, आणि मिश्री भाजताना तव्यावरची तंबाखू जळते तेव्हा तो धूर अख्ख्या घरात भरतो, त्यात पोरंबाळं बसलेली असतात.

पण दुसरा धूर पण वाईट आहे म्हणून पहिला चालू द्या असं होत नाही. कॉइल लावणाराही तो धूर स्वतः घेतो आणि ती बंद करून मच्छरदाणी लावायचा पर्याय त्याच्या हातात असतो. शेजाऱ्याच्या सिगारेटबाबत माझ्या हातात काहीच नसतं, खिडकी बंद करून उकाड्यात बसणं सोडून.

पोलीस घरात येणार का

जिथे घरातल्या धूम्रपानावर बंधन आलं तिथे ते प्रत्यक्षात कसं राबवलं गेलं ते बघितलं की ही भीती बरीच कमी होते. अमेरिकेत सरकारी मालकीच्या घरांमध्ये, जिथे कमी उत्पन्नाचे लोक भाड्याने राहतात, ३१ जुलै २०१८ पासून सगळीकडे घराच्या आत आणि बिल्डिंगपासून २५ फुटांच्या आत सिगारेट ओढायला मनाई आहे. हे फौजदारी कायद्यात टाकलेलं नाही, भाडेकराराची अट म्हणून टाकलंय. कॅलिफोर्नियातलं सान राफाएल शहर त्याहून पुढे गेलं, तिथे २०१३ पासून भिंतीला भिंत लागलेल्या कुठल्याही घरात बंदी आहे, मग ते घर भाड्याचं असो की मालकीचं. दुसरीकडे सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्ये असाच प्रस्ताव चर्चेला घेतला आणि तिथे तो पडला. म्हणजे ज्या देशात हे सुरू झालं तिथेही एकमत नाही.

सरकारी घरांच्या नियमावर एक टीका मला पटते. ज्यांच्याकडे दुसरं घर घ्यायचे पैसे नाहीत त्यांच्यावरच पहिलं बंधन आलं, श्रीमंतांच्या पेंटहाऊसवर नाही. आपल्याकडे कधी असं काही झालं तर एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, बिल्डिंगपासून सुरुवात होऊ नये.

मुलांचं काय

शेजाऱ्याला निदान तक्रार करता येते. चार वर्षांच्या मुलाला तेही येत नाही, आणि ज्याच्याबद्दल तक्रार करायची तो त्याचा बाबा असतो.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून अठरा वर्षांखालचं कोणी गाडीत असेल तर स्वतःच्या खाजगी गाडीतही सिगारेट ओढता येत नाही. घराला मात्र त्यांनी हात लावला नाही. टोकियोने एप्रिल २०१८ पासून वेगळा रस्ता धरला. पालकांनी घरात आणि गाडीत मुलांना धुरापासून लांब ठेवायचा प्रयत्न करावा असं नियमातच लिहिलं पण दंड काहीच ठेवला नाही. दंड नसलेला कायदा म्हणजे कागदच असं वाटेल, पण त्याचा उपयोग असा की घरातली बाई, आजी, शाळेतल्या बाई, डॉक्टर यांना बोलायला आधार मिळतो. आपल्याकडे तर घरातल्या सुनेला सासऱ्यांना "बाळाजवळ ओढू नका" म्हणायची सोय नसते. तिच्या वतीने डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर ते लिहून दिलं तर तिला स्वतः भांडावं लागत नाही. मला वाटतं महाराष्ट्रात सुरुवात करायची तर इथून करावी, लसीकरणाच्या कार्डावर एक ओळ छापून.

एक भीती अशी होती की बाहेर बंदी केली की लोक घरात जास्त ओढतील आणि मुलांचं अजूनच नुकसान होईल. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ ला सार्वजनिक बंदी आली तेव्हा आधी आणि नंतर शाळेतल्या मुलांचं कोटिनिन मोजलं. ते वाढलं नाही, सरासरी ३९ टक्क्यांनी कमी झालं. मात्र ज्यांच्या घरात आई ओढत होती किंवा दोघंही ओढत होते त्या मुलांना फारसा फायदा झाला नाही, म्हणजे बाहेरच्या कायद्याची हद्द तिथे संपते.

आपल्याकडचंही चित्र असंच आहे. केंद्र सरकारच्या तंबाखू सर्वेक्षणात २००९-१० मध्ये ५२.३ टक्के प्रौढ लोकांना घरात परका धूर लागत होता, २०१६-१७ मध्ये ३८.७ टक्के. घरावर कुठलाही कायदा न करता एवढा फरक पडला, सवयी बदलल्या, लोकांना बाहेर जाऊन ओढायची सवय झाली. तरी दर दहा माणसांत जवळपास चार जण तेव्हाही घरातच धूर घेत होते, आणि त्याच सर्वेक्षणात कामाच्या जागी धूर लागणाऱ्यांचं प्रमाण ३०.२ टक्के होतं. ऑफिसपेक्षा घर जास्त धुराचं होतं.

सोसायटी काय करू शकते

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये (बायलॉजमध्ये) सभासदाने आपल्या फ्लॅटमध्ये असं काही करू नये ज्याने इतरांना उपद्रव होईल, अशी तरतूद आधीपासून आहे. त्यामुळे परक्या धुराची तक्रार लेखी करता येते आणि कमिटीला ती घ्यावी लागते. जिना, लिफ्ट, लॉबी, गच्ची, पार्किंग इथे बंदीचा ठराव जनरल बॉडीत सहज होऊ शकतो. फ्लॅटच्या आतला नियम मात्र नुसता नोटीस बोर्डावर कागद लावून होत नाही, उपविधीत बदल करायचा तर ठराव आणि रजिस्ट्रारची मंजुरी लागते, आणि वाद झाला तर सहकार न्यायालय आहे.

माझ्या मते आधी ठरावाच्याही खालची पायरी करावी. डक्टकडे तोंड असलेल्या खिडक्यांमधून ओढायचं नाही हे एक. एसीची आणि पाइपची भोकं सोसायटीच्या खर्चाने बुजवणं हे दुसरं, यात कोणाशी भांडण नाही. कंपाऊंडमध्ये खिडक्यांपासून लांब एखादी शेड, तिथे बाकडं आणि अ‍ॅशट्रे, कारण नुसतं "इथे नको" सांगून माणूस ओढायचा थांबत नाही, त्याला "मग कुठे" तेही सांगावं लागतं. आणि जर्मनीसारख्या वेळा ठरवून घेणं, रात्री दहा ते सकाळी सहा गॅलरीत धूर नाही, एवढंही झालं तरी झोपायच्या वेळेचा त्रास संपतो.

आणि ज्यांचं घरच एका खोलीचं आहे

चाळीत, वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे "वेगळ्या खोलीत जाऊन ओढा" हे वाक्यच निरर्थक आहे. तिथे नियम लावायला गेलं तर तो माणूस गल्लीत येऊन दुसऱ्याच्या दारात ओढणार, कारण दारं समोरासमोर आहेत. अशा ठिकाणी एकच गोष्ट खरी कामाची, ती म्हणजे सुटण्यासाठी मदत. विडी-सिगारेट सोडायची इच्छा असलेले खूप असतात, जमत नाही कारण निकोटीनचं व्यसन हे आजारासारखंच आहे, त्याला औषधं आहेत, निकोटीनच्या गोळ्या-च्युइंगम आहेत, समुपदेशन आहे. सरकारी क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६, फोन फुकट लागतो, आणि हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, फक्त आपल्याकडे बरेच लोक टपरीवर सुट्टी सिगारेट घेतात त्यामुळे पाकीट त्यांच्या हातात कधी येतच नाही. घरात कोणी ओढत असेल तर तो नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये आपणच सेव्ह करून द्यावा.